कळतं, पण वळत नाही: मोठेपणी एडीएचडी असताना कामं कशी उरकायची

आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा दूध उतू जायचं. मी पातेलं गॅसवर चढवून तिथेच उभी राहायचे. आज इथून हलायचं नाही, असं स्वतःला बजावून उभी राहायचे. मग बाल्कनीतले वाळलेले कपडे दिसायचे. ते काढताना बटण तुटलेला शर्ट हातात यायचा, सुईदोऱ्याचा डबा शोधायला मी आतल्या खोलीत जायचे, आणि करपल्याचा वास आला की दूध आठवायचं. भाताचा कुकर मात्र माझ्या हातून कधी करपला नाही, कारण तो शिट्टी देतो. शेवटी आईने माळ्यावरचा जुना मिल्क कुकर काढून दिला. दुहेरी भिंतीचं भांडं, मधल्या पोकळीत पाणी, ते उकळलं की शिट्टी वाजते. तेव्हापासून आजवर दूध उतू गेलेलं नाही. माझं लक्ष होतं तसंच आहे.

त्यानंतर सात वर्षांनी, वयाच्या 39व्या वर्षी, मला एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिकडे वळवायला आणि टिकवायला अडचण आणणारी मेंदूची ठेवण, असल्याचं निदान झालं.

मी एका सीए ऑफिसात काम करते. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी, अशी जीएसटीची रिटर्न्स भरायची असतात. क्लायंटचं एकही रिटर्न माझ्यामुळे रखडलं नाही. माझं स्वतःचं आयकर रिटर्न मात्र दोन वर्षं 31 जुलैच्या पुढे गेलं आणि दोन्ही वेळा 5,000 रुपये विलंब शुल्क भरावं लागलं. तो फॉर्म कसा भरायचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. "मग भरत का नाहीस?" असं नवरा विचारायचा, तेव्हा मला खरंच उत्तर सुचायचं नाही.

'कळतं पण वळत नाही' असं आपण एखाद्याला चिडून म्हणतो. पण एडीएचडीचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरं सापडलेलं नाही. कळण्यात काही कमी नसते. जे कळलंय ते त्या त्या क्षणी हातून घडवून आणणारी मेंदूतली यंत्रणा वेगळी चालते. हे एकदा नीट समजलं की उपायांची दिशाही बदलते. आणखी उपदेश, आणखी निश्चय, आणखी अपराधीपणा यांचा उपयोग होत नाही. जिथे शिट्टी नाही तिथे ती बसवावी लागते.

नेमकं काय वेगळं असतं

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. नावात 'डेफिसिट' म्हणजे तूट आहे, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. आवडीच्या कामात हीच माणसं तहानभूक विसरून चार-चार तास बसतात. अडतं ते लक्ष हवं तिकडे वळवणं, तिथे टिकवणं आणि वेळ झाली की तिथून काढून घेणं. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग ही कामं पाहतो. आधी कशाला हात घालायचा, मनात आलेलं लगेच बोलून टाकायचं की थांबायचं, कुणी सांगितलेला नंबर लिहून होईपर्यंत डोक्यात कसा धरून ठेवायचा, किती वेळ गेला असेल, हे सगळं तिथे ठरतं. त्यासाठी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही दोन रसायनं योग्य प्रमाणात लागतात. एडीएचडीमध्ये त्यांचं नियमन वेगळं असतं.

परिणाम असा की काम महत्त्वाचं आहे एवढं कळून ते सुरू होत नाही. काम नवं असेल, आवडीचं असेल, समोर कुणी थांबलेलं असेल किंवा मुदत डोक्यावर आली असेल, तर ते झपाट्याने होतं. क्लायंटच्या रिटर्नला मुदत होती, साहेब होते, फोन येत होते. माझ्या रिटर्नला फक्त मी होते. प्रयोगांतही दिसतं की एडीएचडी असलेली माणसं नंतर मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा आत्ता हातात पडणारी छोटी रक्कम जास्त वेळा निवडतात. लांबचं बक्षीस मेंदूला पुरेसं खेचत नाही.

हे मोबाइलमुळे झालंय, असं मला अनेकांनी सांगितलं. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती 1902 साली. तेव्हा घरात रेडिओसुद्धा नव्हता. मोबाइल आधीच सैल असलेली गाठ आणखी सैल करतो, हे खरं. पण मूळ बरंचसं जन्मजात असतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण 74 टक्के निघतो. उंचीच्या बाबतीत तो 80 टक्क्यांच्या आसपास धरतात, त्यावरून अंदाज येईल. माझ्या बाबांचे अर्धवट उघडलेले तीन ट्रान्झिस्टर अजून गावच्या घरी आहेत. त्यांना सगळे आयुष्यभर आरंभशूर म्हणत आले. ते ऐकताना बाबांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला आता आठवतं आणि फार वाईट वाटतं.

पूर्वी डॉक्टरही समजायचे की मूल मोठं झालं की हे सुटतं. इकडेतिकडे धावणं, वर्गात उठबस करणं वयानुसार खरंच कमी होतं. पण आतली अस्वस्थता, विसर, दिरंगाई बऱ्याच जणांत राहते. 2007 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या. एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचं बाह्यपटल पक्व व्हायला साधारण तीन वर्षं जास्त लागत होती, आणि हा उशीर पुढच्या भागात सगळ्यात ठळक होता. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या निदानाच्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी निकष वेगळे नमूद झाले. लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिलेली आहेत. 17 वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या व्यक्तीत यांपैकी एका गटातली किमान पाच लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात. ती घर आणि नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, त्यांतली काही बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि त्यांच्यामुळे जगण्यात प्रत्यक्ष अडचण येत असावी लागते.

हे निकष मुद्दाम सांगितले. रील पाहून 'अरे, हा तर मीच' असं वाटणं साहजिक आहे, कारण किल्ल्या सगळेच विसरतात. पण थायरॉइड, रक्तक्षय, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंतेचा विकार, यांतही लक्ष उडतं. गेल्या वर्षीपासून लक्ष लागेनासं झालं असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावं. ते बालपणाबद्दल खोदून विचारतात. मला शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली होती. तिसरीपासून दहावीपर्यंत शेऱ्याच्या रकान्यात तेच वाक्य फिरून फिरून होतं: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' कुणाकडे जावं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलींचं निदान मागे राहतं. बाक वाजवणारा मुलगा बाईंच्या नजरेत येतो. खिडकीशी बसून दुसऱ्याच जगात गेलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. पुढे लग्न होतं, घराचं, मुलांच्या डब्याचं, सासरच्या सणवारांचं सगळं नियोजन तिच्या डोक्यावर येतं, आणि तिथे ती कोलमडते. अनेकींना स्वतःबद्दल कळतं ते मुलाचं निदान होतं तेव्हा.

वेळ दिसत नाही

सगळ्यात जास्त नुकसान वेळेच्या बाबतीत होतं, म्हणून यावर जरा थांबते. माझ्या डोक्यात वेळेचे दोनच प्रकार आहेत: 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. पुढच्या गुरुवारची मीटिंग आणि पुढच्या वर्षीचं लग्न दोन्ही 'आत्ता नाही'मध्ये पडतात. मग गुरुवार एकदम 'आत्ता' होऊन समोर उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, हिला पर्वा नाही.

एका आठवड्यात मी रोज सकाळी स्टॉपवॉच लावून पाहिलं. अंघोळीपासून दाराला कुलूप लावेपर्यंत वीस मिनिटं लागतात, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. सर्वांत कमी वेळ निघाला 41 मिनिटं. केस विंचरणं, डबा भरणं, चार्जर शोधणं, 'एवढं एक' म्हणून ओटा पुसणं, यांतलं काहीच माझ्या हिशेबात नव्हतं. आळशीपणावर इतकी बोलणी खाल्ली होती, आणि चूक होती ती एका आकड्यात.

तुम्हीही रोजची पाचसहा कामं अशी मोजून बघा आणि आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा. मग अंदाज बांधायचाच नाही, भिंतीवर बघायचं. जी कामं मोजलेली नाहीत त्यांचा मनातला अंदाज सरळ दुप्पट धरायचा. घरात काट्यांचं घड्याळ असावं, अगदी बाथरूमच्या दारासमोरही. काटा किती सरकला ते डोळ्यांना दिसतं, आकडे नुसते बदलत राहतात. आणि गजर पोचण्याच्या वेळेचा न लावता निघण्याच्या वेळेचा लावावा. माझ्या फोनमध्ये 9:05 ला गजर वाजतो आणि पडद्यावर 'चपला घाल' एवढंच येतं. 'ऑफिस' असं लिहिलं होतं तेव्हा मी तो बंद करून पुन्हा ओटा पुसायला लागायचे.

सुरुवात कशी करायची

दुसरी अडचण सुरुवातीची. काम डोक्यात डोंगराएवढं होऊन बसतं आणि माणूस त्याच्याकडे बघत तासभर तसाच राहतो. बाहेरून हा आराम वाटतो. आत आराम अजिबात नसतो, ज्याने तो तास काढलाय त्याला विचारा.

यादीत 'आयकर' असा एक शब्द लिहिला तर त्यावरून हाताला काही करता येत नाही. मी आता लिहिते: 'पोर्टल उघडून फॉर्म 26एएस डाउनलोड कर.' बस्स. पुढचं नंतर. पहिली पायरी इतकी छोटी असावी की तिला नाही म्हणायला मनाला वेळच मिळू नये. दिवसाची यादी तीन कामांची, तीही हाताने लिहिलेली आणि की-बोर्डवर ठेवलेली. बाकी तेवीस कामांची मोठी यादी वहीत असते, ती संध्याकाळीच उघडायची.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात निश्चय आणि कृती यांच्यातल्या दरीवर काम केलं. 'मी व्यायाम करीन' असा निश्चय केलेल्यांपेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी हे करीन' असं ठरवलेली माणसं ते जास्त वेळा करतात, असं त्याच्या आणि नंतरच्या अनेक प्रयोगांत दिसलं. एडीएचडी असलेल्या मुलांवरही ही युक्ती लागू पडलेली आहे. आपल्या भाषेत ती जर-तरची बांधणी. 'चहाचा कप खाली ठेवला की लॅपटॉप उघडायचा.' इथे कप शिट्टीचं काम करतो. मनाला वेळ पाळायची नसते, कप दिसला की पुरतं.

आणि सोबत. यावर मोठं संशोधन झालेलं नाही, पण एडीएचडी असलेल्यांच्या तोंडी हाच उपाय सगळ्यात जास्त ऐकला. कुणीतरी शेजारी आपापलं काम करत बसलेलं असलं की आपलंही काम चालू राहतं. त्याने मदत करायची नाही, विचारायचं नाही, फक्त असायचं. दहावीच्या अभ्यासाला आपण मैत्रिणीकडे जायचो ते काय होतं?

वस्तूंच्या बाबतीत दृष्टीआड सृष्टी ही म्हण आमच्यासाठी शब्दशः खरी आहे. बंद कपाटात ठेवलेलं औषध आमच्यासाठी घरात नसतंच. म्हणून उघडी मांडणी, पारदर्शक डबे, दाराच्या आतल्या बाजूला किल्ल्यांचा खिळा. वस्तू जिथे असावी असं वाटतं तिथे जागा करण्याऐवजी ती रोज जिथे पडते तिथे टोपली ठेवा. आमच्याकडे चष्म्याची वाटी फ्रिजवर आहे, पाहुण्यांना विचित्र दिसते, पण चष्मा सापडतो.

पैशाचं थोडक्यात: लाइट बिल, विमा, एसआयपी, शाळेची फी, जे जे खात्यातून आपोआप जाऊ शकतं ते जाऊ द्या. ऑनलाइन खरेदीत वस्तू कार्टमध्ये टाकून एक रात्र जाऊ द्या. सकाळी निम्म्या वस्तूंची हौस ओसरलेली असते.

हेही माहीत असू द्या की प्रत्येक पद्धत काही आठवड्यांनी शिळी होते. नवी डायरी तीन आठवडे सुरेख चालते आणि मग दिसेनाशी होते. पूर्वी मी याला माझा पराभव समजायचे. नावीन्य संपलं की मेंदूची ओढ संपते, ते ठरलेलंच आहे. डायरी बदला, पेनाचा रंग बदला, गजराचा आवाज बदला, आणि जुनी पद्धत चार महिन्यांनी पुन्हा काढा. ती तेव्हा नवीच वाटते.

गोळ्यांबद्दल

आपल्याकडे मेंदूच्या गोळीला लोक फार घाबरतात, म्हणून स्पष्ट लिहिते. मिथाइलफेनिडेट हे यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध 1944 साली पहिल्यांदा तयार झालं. ते मेंदूच्या पेशींमधल्या जागेत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन जरा जास्त वेळ राहू देतं. 2018 साली या औषधांच्या 133 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. मोठ्यांमध्ये अॅम्फेटामिन गटातली औषधं, मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन अशी अनेक औषधं आत औषध नसलेल्या, फक्त तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. या चाचण्या बहुतेक थोड्या आठवड्यांच्या होत्या, हेही ध्यानात असावं. साधं मिथाइलफेनिडेट तीन-चार तास टिकतं, हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या जास्त वेळ. भूक मंदावणं, झोप लांबणं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून आधी रक्तदाब आणि हृदयाची चौकशी होते. हे औषध आपल्याकडे 1985च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसतं, तेव्हा संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करा. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी परीक्षेपुरती घेऊन बघणं हा धोकाच आहे. अॅटोमॉक्सेटिन उत्तेजक गटातलं नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

मला पहिल्या दिवशी काही 'जाणवलं' नाही. दुपारी तीन वाजता लक्षात आलं की सकाळी उघडलेली फाइल मी पूर्ण करून बंद केली आहे आणि मध्ये दुसरी एकही उघडलेली नाही. टेबलाशी बसून मला रडू आलं. इतर लोकांचा रोजचा दिवस असा असतो, हे मला माहीतच नव्हतं.

गोळी काय करायचं ते ठरवून देत नाही. तिच्या जोरावर मी एके दिवशी अडीच तास मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली आहेत. म्हणून वर सांगितलेली मांडणी हवीच. वर्तनोपचार, म्हणजे सवयी आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारे उपचार, हेही याच कामाचे. औषध घेऊनही लक्षणं उरलेल्या मोठ्या माणसांना खास आखलेल्या वर्तनोपचाराने फायदा होतो, असं 2010 साली 'जामा' या नियतकालिकात आलेल्या चाचणीत दिसलं होतं. झोपेकडेही बघा. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं शरीर रात्री उशिराकडे झुकलेलं असतं, आणि अपुऱ्या झोपेनंतर कुठलीच युक्ती चालत नाही.

घरच्यांसाठी

घरात कुणाला हे असेल तर 'किती वेळा सांगायचं' हे वाक्य बंद करा, कारण सांगण्याने होत असतं तर पहिल्याच वेळी झालं असतं. मात्र बायकोने नवऱ्याची किंवा नवऱ्याने बायकोची आई होऊन दिवसभर आठवण करून देत राहू नये. त्यात दोघंही थकतात आणि नातं शिक्षक-विद्यार्थ्याचं होतं. आम्ही कामं वाटली ती वेळेनुसार. ठरलेल्या वेळीच करावी लागणारी कामं, म्हणजे गॅस सिलिंडर, शाळेची बस, औषधं, नवऱ्याकडे. कधीही केली तरी चालणारी किंवा एकदम अंगावर येणारी माझ्याकडे. पाहुणे अर्ध्या तासात येतायत म्हटलं की मी सगळ्यांत चांगली असते.

आयकराचं रिटर्न आता असं भरते. जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला नागपूरहून धाकटी बहीण व्हिडिओ कॉल लावते आणि फोन भिंतीला टेकवून ठेवते. तिच्याकडे धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो, माझ्याकडे लॅपटॉप. बोलत नाही आम्ही. घड्या घालण्याचा आवाज तेवढा येत असतो. यंदा तिचा ढीग आधी संपला, तरी ती तशीच बसून राहिली.

"ताई, झालं का गं?"

"व्हेरिफाय करतेय. ओटीपी येऊ दे."

"ये म्हणावं लवकर, मला पोळ्या टाकायच्यात," ती म्हणाली, आणि आधीच घडी घातलेला एक टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालायला लागली.